जावयाचा नेम आणि माझा बांध

गोल्फ या खेळाशी माझा कोणताही संबंध नव्हता, आणि तो जोडून मिळावा अशी मागणी मी कोणाकडेही, लेखी अथवा तोंडी, केलेली नव्हती. तरीही या खेळाने मला माझ्याच शेतात, माझ्याच जावयादेखत, एका पायावर उभे केले.

आमचे जावई प्रसादराव बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. त्या शनिवारी ते वडगावला आमच्या घरी आले ते हातात एक लोखंडी काठी घेऊन. काठीच्या टोकाला पळीसारखे वाकडे पाते होते आणि जावयाचा चेहरा त्याहून वाकडा होता.

"मामा, उद्या साहेबांनी पुण्याला गोल्फ खेळायला बोलावलंय. मी त्यांना 'थोडंफार येतं' असं सांगून बसलोय."

"आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात विटीदांडू येतो."

मोबाइलवर पाहून त्यांनी एवढेच आत्मसात केले होते की, मारण्याआधी उभे राहायला शिकावे लागते. काठीचे पाते जिथे चेंडू धाडायचा तिकडे रोखायचे आणि पाय त्या रेषेला समांतर ठेवायचे, रेल्वेच्या रुळांसारखे.

समांतर! मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. फलाटावर गाड्या एकमेकींना समांतर लावून घेण्यात माझी हयात गेली आहे. वाकडी गाडी लावणाऱ्या चालकाला मी मेमो दिला नाही असे एकदाही घडलेले नाही.

"हा विषय माझ्याकडे सोपवा," मी जाहीर केले.

"शिकवा, पन बांधाकडं फिरकू नका!" आतून सौभाग्यवती ओरडली.

या इशाऱ्यामागची वस्तुस्थिती नमूद करणे आवश्यक आहे. आमच्या आणि बबनतात्यांच्या शेतांमध्ये एकच बांध. तात्यांनी तो कोरून माझ्या जमिनीत अतिक्रमण केले आहे असे माझे ठाम म्हणणे होते, आणि ते मी तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना पोचपावतीसह कळवले होते. तात्या उत्तर पाठवत नसत. तात्या पूर्वीचे पैलवान. ते नुसते बघत. (मला त्याचीच भीती वाटे. पत्राला प्रत्युत्तर देता येते, बघण्याला काय देणार?)

या दाव्यात खरी होरपळ झाली ती दोघींची. माझी सुमन आणि तात्यांची शेवंता एकाच माहेरगावच्या, इंदापूरकडच्या. लहानपणी एका डब्यात जेवलेल्या. माझ्या पत्रव्यवहारामुळे त्यांचे बोलणे तुटले. अखेर सुमनने मला नोटीस दिली, तोंडी, परंतु मुदतीची: "सोमवारी लोकअदालतीत तडजोड झाली न्हाय, तर मी लेकीकडं ऱ्हायला जाते. कायमची!" तात्यांनीही मान्यता दिली, पण एका अटीवर: "सोमवारपातूर बांधाला कुनी दोरी लावायची न्हाय. लावली, की तडजोड मोडली."

आता अडचण अशी की, सपाट आणि हिरवी जागा आमच्याकडे एकच, बांधालगतचा नुकताच कापलेला घासाचा वाफा. दुसरीकडे मारावे तर एका बाजूस रस्ता, एका बाजूस गोठा. म्हणून केवळ सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव आम्ही तिकडे गेलो. मी सुतळी बांधली ती बांधाला नव्हे, बांधापासून तीन फूट आत, संपूर्णपणे माझ्या हद्दीत! सुतळीच्या रेषेवर चेंडू, आणि तिला समांतर फक्कीची पांढरी रेषा, तिच्यावर जावयाचे पाय. कायदेशीरदृष्ट्या व्यवस्था निर्दोष होती.

"जावईबापू, नेम समोरच्या लिंबाच्या झाडावर. आता कमरेतून वाकावे आणि..." मी थबकलो. मोबाइलप्रमाणे यापुढे शरीराचा एक विशिष्ट भाग मागे काढायचा होता, आणि जावयापुढे त्या भागाचा उल्लेख कोणत्या शब्दात करावा याविषयी आपली परंपरा मौन बाळगते. "आणि आपली पृष्ठभूमी किंचित मागे सरकवावी."

"काय मामा?"

"पाठीमागील बाजू."

"पाठ?"

"डिकी!" मी गरजलो. "डिकी मागे घ्या!"

ते तत्काळ समजले. मग मी चेंडू त्यांच्या अगदी पुढच्या पायाशी ठेवला.

"मामा, मोबाइलवर तर मधोमध म्हणतात."

"चालक पुढेच बसतो! मोबाइलने कधी गाड्या लावल्या आहेत काय?"

इतक्यात बांधापलीकडून शेवंताबाईंची किंकाळी आली.

"अवो, पळा! अण्णांनी दोरी लावली! फक्की बी मारली! जावायाला लोखंडी गज दिऊन हुबा केलाय!"

अण्णा म्हणजे मीच. दोरी, फक्की, गज! दुरून पाहणाऱ्यास हा खेळ वाटणे शक्य नव्हते, ही सरळसरळ मोजणी होती, तीही सशस्त्र. पलीकडून तात्या खांद्यावर खोरे टाकून येताना दिसले. धावत नव्हते. धावत येणाऱ्या माणसाशी बोलता येते हो! हे सावकाश येत होते आणि येताना बघत होते. पाळी सुटलेले एमआयडीसीचे कामगार रस्त्यावर मोटारसायकली उभ्या करून जमू लागले. पाठीमागून सुमनही येत होती. तात्यांकडे बघू की तिच्याकडे, हे मला ठरवता येईना.

"अण्णा, ह्ये काय चाललंय?"

"गोल्फ," मी म्हणालो.

"गोल्फ कशाला म्हंत्यात?"

"चेंडू मारण्याचा खेळ आहे. त्याकरिता आधी रेषा..."

"वडगावात? घासात? लोकअदालतीच्या तोंडावर?" तात्यांनी खोरे खाली टेकवले. "हितं पानी मुरतंय. खेळ हाय ना? मग मारून दावा."

प्रसादराव उभे राहिले. पाते लिंबाकडे, पाय फक्कीवर, डिकी मागे. एकही दोष काढता आला नसता! त्यांनी काठी उगारली, आणि चेंडू मीच पुढे ठेवला असल्यामुळे ती चेंडूच्या मागे जमिनीत घुसली.

खण्ण!

चेंडू जागीच होता. मातीचे ढेकूळ मात्र उडाले, आणि त्याखाली सुतळीच्या बरोबर रेषेत एका दगडाचे डोके उघडे पडले. डोक्यावर फुली कोरलेली.

हद्दीचा दगड!

तो काय आहे हे सर्वांआधी मला उमगले. (कायद्याचे ज्ञान हा शाप आहे.) दगडापर्यंत माझी जमीन, आणि दगडापासून बांधापर्यंतचे, मी इतकी वर्षे नांगरलेले तीन फूट? ते तात्यांचे! अतिक्रमण झाले होते. ते मी केले होते. मी एक पाऊल टाकले आणि त्या दगडावर चप्पल ठेवून उभा राहिलो. पुरावा दडवणे हा गुन्हा आहे हे मला कलमासह पाठ आहे. तरीही पाय हलेना.

"मामा, काय लागलं ते?"

"काही नाही. ढेकूळ."

"ढेकूळ खन्न करत न्हाय," तात्या म्हणाले आणि बघू लागले. "बरं, जावायाला जमंना. तुमी शिकिवताय तर तुमीच दावा की, मास्तर!"

गर्दीने टाळ्या पिटल्या. मी काठी घेतली. एक पाय फक्कीवर, दुसरा दगडावर.

"मामा, तुमचा एक पाय सुतळीवर आहे," प्रसादराव म्हणाले. एवढा लक्ष देणारा विद्यार्थी कोणाच्याही वाट्याला येऊ नये!

"असू द्या."

"पण तुम्हीच म्हणालात, दोन्ही पाय फक्कीवर!"

"ते शिकाऊंसाठी!"

"आन् पातं माझ्या पोटाकडं हाय, अण्णा," तात्या शांतपणे म्हणाले. "त्ये लिंबाचं झाड तिकडं हाय."

"अहो, नीट उभं ऱ्हावा की! असं काय करताय?" सुमन म्हणाली.

घाम डोळ्यात उतरला. आता मारावे आणि सुटावे म्हणून मी काठी फिरवली. ती फिरली, तिच्याबरोबर मी फिरलो, चप्पल निसटली आणि माझी डिकी फक्कीवर आदळली. अगदी समांतर!

तात्यांनी वाकून दगडावरची माती हाताने पुसली. फुली दिसली. सगळ्यांनी दगडाकडे पाहिले, मग बांधाकडे, मग माझ्याकडे. तात्यांनी खोरे उचलले. मी डोळे मिटले.

खच्च आवाज आला. डोळे उघडले, तर खोरे जमिनीत रोवलेले आणि तात्यांचा हात माझ्यापुढे.

"उठा. कुठं लागलं?"

"कुठे कुठे सांगू?" मी म्हणालो.

तेवढ्यात पाठीमागे कोणीतरी फिस्सकन हसले. शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला होता. सुमन बांध ओलांडून तिच्याजवळ गेली. "बघितलंस का गं शेवंते? आन् ह्यांनी कलेक्टरला कळवलं हुतं!" दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोके टेकून हसल्या, आणि माझ्यादेखत एका दाव्याचा निकाल लागला.

"तडजोड सोमवारीच," तात्या म्हणाले. "पन माझं तीन फूट मला. आन् अर्ज तुमीच लिवायचा. तुमच्यावानी कुनाला लिवता येत न्हाय."

प्रसादराव रविवारी गोल्फमध्ये शेवटचे आले. साहेब बेहद्द खूश झाले म्हणे, कारण त्याआधी शेवटचे तेच येत असत.

मी मात्र शनिवारी संध्याकाळीच ओट्यावर अर्ज लिहायला बसलो. तात्या शेजारी चहा पीत होते. "'चुकून झालं' आसं लिवा," ते मोठ्या मनाने म्हणाले. मला ते सहन झाले नाही.

"तात्या, 'चुकून' लिहिले की दावा ढिला पडतो! 'जाणीवपूर्वक व सातत्याने' असे लिहावे लागेल."

"आवं, पन तुमच्यावरच हाय की त्यो!"

"म्हणून काय झाले?"

पूर्ण झाल्यावर मी अर्ज पुन्हा वाचला. अप्रतिम उतरला होता. सामनेवाल्याला सुटायला त्यात एकही पळवाट राहिली नव्हती!