वाढीचं गणित आणि आत्या

समाजमाध्यमांवरची जाळी कशी वाढतात, याचं गणित मांडण्यात माझी पाच वर्षं गेली. नियम तसा साधा. नवीन माणूस बहुतेक वेळा तिथेच जोडला जातो, जिथे आधीच पुष्कळ माणसं जोडलेली असतात. माझी समीकरणं या संथ वाढीला बरोबर लागू पडत होती. जाळं अचानक उसळी मारतं तेव्हा मात्र ती चुकायची. "अशी एक उसळी सुरुवातीपासून नोंदवलेली हवी," असं माझे मार्गदर्शक दर भेटीत म्हणायचे.

नोंदींसाठी मी घरचंच पेज घेतलं होतं. आमच्या गावी, तोंडवलीत, माझ्या चुलतभावाच्या पर्यटकांसाठीच्या चार खोल्या आहेत. त्यासाठी त्याने आमच्या किनाऱ्याचं पेज काढलं होतं. कोण कोणामुळे जोडलं गेलं, ते नावं गाळून तो मला रोज पाठवायचा.

त्याच किनाऱ्यावर माझी आत्या मासे विकायची. एका सकाळी एका पर्यटकाने तिच्या पाटीतली अख्खी सुरमई फोटोसाठी उचलली आणि फोटो झाल्यावर वाळूत टाकून दिली. आत्याने त्याला अशा शिव्या घातल्या की रापणीचं जाळं ओढणारी माणसं वळून बघायला लागली. त्याच्या बायकोने ते चित्रित केलं, पण शिव्यांपासून पुढचंच. सुरमई त्यात नव्हतीच. भावाने तो व्हिडिओ तिच्याकडून मागून घेतला आणि 'मालवणी हिसका' असं लिहून पेजवर टाकला.

दुसऱ्या दिवशी माझ्या आलेखातली रेघ उभी चढली. मार्गदर्शकांना फोन केला तेव्हा माझा आवाज आनंदाने कापत होता.

त्या शनिवारी घरी गेले. आत्या पाटी न घेताच आमच्या पडवीत बसलेली.

"माका आता सगळे वळाखतत गो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक येतत, माशे घेनत नाय. मोबाईल धरून हसतत. तुझा शिक्षाण ह्याच्यावरच मां? तुका ता बंद करूक येतला?"

"बघतंय," मी म्हटलं.

भावाला विचारलं, तर तो हसला. "काढून कसा टाकू गो? पेज खंयच्या खंय गेला. आत्येक सांग, चार दिवसांत लोक इसारतले."

लोक चार दिवसांत विसरणार नाहीत, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी आग्रह धरला असता तर त्याने ऐकलंही असतं. माझा शब्द तो सहसा मोडत नाही. पण व्हिडिओ काढला असता तर उसळी मध्येच तुटली असती, नोंदी अर्ध्यावर राहिल्या असत्या. आत्याला म्हटलं, "तो ऐकत नाही."

महिन्याभरात तिने किनाऱ्यावर बसणं सोडलं. पुढे माझा शोधनिबंध छापून आला. त्यात तिचा उल्लेख 'बाह्य धक्का' एवढाच होता. त्या निबंधावर मला कॉलेजात नोकरी लागली. भावाच्या चारच्या नऊ खोल्या झाल्या, स्वयंपाकघरात माणूस कमी पडू लागलं, तेव्हा त्याने आत्यालाच कामावर ठेवलं. "घरच्या माणसाक काम दिलंय," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

गेल्या मे महिन्यात मी तिथे गेले होते. आत्या मागच्या दारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ निघू शकला असता, मीच तो निघू दिला नाही, आणि का.

तिचे हात थांबले नाहीत. पुढचं सुंगट उचलत तिने विचारलं, "नोकरी कायमची आसा मां?"

"हो."

"बरा झाला," ती म्हणाली.

यात टोमणा आहे का, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. आतून भावाने हाक मारली. तिने सोललेल्या सुंगटांचा टोप उचलला आणि ती उठून आत गेली.