दत्तूच्या मोटारीचं इंजिन

मी आर्मीत व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो, आता नाशकात गंगापूर रोडला राहतो. शेवटचं हार्ड पोस्टिंग एका खिंडीखालच्या वर्कशॉपमध्ये होतं. पाचला रोलकॉल, साडेपाचला इंजिनं गरम करायची, साडेसहाला गाड्यांचा कॉन्व्हॉय वर खिंडीकडे. थंडीने बोटं इतकी बधिर, की स्पॅनर हातात आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळायचं नाही.

नाईक दत्तू ड्रायव्हर, आपल्या निफाडचा. घरी वडिलांची फार जुनी मोटार होती, इंजिन जाम झालेलं. "उस्ताद, पेन्शनीत गेलो की दोघं मिळून इंजिन शोधू. आईला वणीच्या गडावर न्यायचंय तिच्यातून," असं म्हणायचा.

एका जानेवारीत त्याच्या ट्रकचं इंजिन बदलायचं होतं. शेडमध्ये दोन इंजिनं होती. एक ओव्हरहॉल होऊन आलेलं, दुसरं बिघडलेलं, परत पाठवायचं. नियम सरळ आहे. टॅगवरचा नंबर आणि इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर जुळवा, मग सही करा. ब्लॉकवर ग्रीस आणि बर्फ होता. मी नुसता टॅग वाचला आणि सही ठोकली.

दुसऱ्या सकाळी सात चाळीसला वायरलेस सेटवर दत्तूचा आवाज आला.

"गाडी बंद. इंजिन उचलत नाही. ओव्हर."

"तिथे थांबू नका, वर बर्फ आहे. ओव्हर," मी म्हणालो.

"मागच्या दोन गाड्या आधी रिव्हर्स काढतो. आउट."

सात एकावन्नला हिमस्खलन झालं. मागच्या दोन्ही गाड्या सुटल्या, दत्तू ट्रकसकट गाडला गेला.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर ट्रक वर काढला. मी ब्लॉक पुसला. नंबर परत पाठवायच्या इंजिनाचा होता. टॅगची अदलाबदल झाली होती आणि ती पकडणं हेच माझं काम होतं. इन्क्वायरी तोवर बंद झाली होती. मी तोंड उघडलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय!

गेल्या वर्षी दत्तूच्या आईचा फोन आला. "बाबा, डोळ्यांनी दिसंनासं होत चाललंय. ती मोटार चालू व्हईल का? एकदा गडावर जाऊन येऊ."

त्यानंतर इंजिनाच्या शोधात माझा पाय घरात टिकेना. आज सटाणा, उद्या निफाड. बायको म्हणाली, "भिंगरी लागलीय का पायाला?"

मालेगावच्या एका भंगारवाल्याने इंजिन दाखवलं. "साहेब, प्लेट बघा ना! तुमचाच मॉडेल हाय."

प्लेट जुनी होती, पण स्क्रू नवे कोरे. "ब्लॉक पुसतो," मी म्हणालो.

"कशाला हात काळे करता? दुसरं गिऱ्हाईक पण येतंय."

मी फडकं काढलं. रॉकेलने पुसलं तर ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने घासून काढलेला. मी त्याच्यावर नको तेवढा ओरडलो. बिचाऱ्याला काय कळणार, मी कोणावर ओरडतोय ते.

शेवटी एकलहऱ्याजवळ एका शेतात सापडलं. कधीकाळी पाण्याच्या पंपाला जोडलेलं, मग वीज आली आणि पडून राहिलेलं. ब्लॉक पुसला. ठोकलेला नंबर, ओतीव अक्षरं, सिलिंडरच्या बोअरचं माप, सगळं पार्ट्सबुकाशी जुळलं. तीनदा वाचलं. बायकोला फोटो पाठवून तिच्याकडूनही वाचून घेतलं.

"अहो, इंजिन घेताय की पत्रिका जुळवताय?"

बारा दिवस लागले बसवायला. तेराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोटार सुरू झाली. दत्तूच्या आई पुढच्या सीटवर बसल्या. डॅशबोर्डवरून हात फिरवत राहिल्या. मला गिअर टाकवेना. मी इंजिन बंद केलं आणि सगळं सांगितलं. टॅग, सही, मार्चमधला नंबर. काहीही लपवलं नाही.

त्यांनी डॅशबोर्डवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "तू दर दिवाळीला येतो अन् चहा अर्धा टाकून पळतो. मला वाटायचं, माझ्या हातचा चहा आवडत नाय."

"आई, मला माफ..."

"ते मला आज नाय जमायचं. उद्याचं ठाऊक नाय." पदराने तोंड पुसलं. "चल, घे गाडी. मला गडावर न्यायचं त्याचं बोलणं राहिलंय."

गडाच्या वाटेवर त्यांनी एकच विचारलं, त्या दिवशी सुटलेल्या मागच्या गाड्यांत किती जण होते. मी म्हणालो, सात. त्यांनी सातही नावं विचारली. मी एकेक सांगत गेलो, त्या माझ्या मागोमाग म्हणत गेल्या. आठवं नाव त्यांनी स्वतः घेतलं.