कानपिळीचे बूट

माझा भाऊ अपूर्व दारू पीत असता, तर अख्ख्या डोंबिवलीने त्याला समजावलं असतं. तो धावायचा, म्हणून सगळे कौतुक करायचे. आधी मीही करायचे. मग दादा अंगात ताप असतानाही धावायला लागला. एखाद्या दिवशी खाडा झाला, की दिवसभर आईवर खेकसायचा. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, डॉक्टरांनी धावणं बंद करायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या दूध आणायच्या निमित्ताने एमआयडीसीपर्यंत धावून यायचा आणि दूध विसरायचा. पाय कायमचा गमावल्याशिवाय हा थांबणार नाही, अशी मला धास्ती होती.

माझ्या लग्नाच्या सकाळी तो फुलं आणायला म्हणून गेला. अक्षता पडल्या, तरी पत्ता नाही. कानपिळीची वेळ झाली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरायचा आणि नवरदेवाने त्याला काहीतरी देऊन खूश करायचं. भटजींनी घाई केली, तसं कोणीतरी चुलतभावाला, कमलेशला, पुढे ढकललं. मी हटून बसले. दादा आल्याशिवाय कोणी ऋतुराजच्या कानाला हात लावायचा नाही, असं सांगून टाकलं. भटजी नुसते घड्याळ बघत राहिले आणि कमलेश दादाला शोधायला बाहेर पळाला.

दादा आला तो कमलेशच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत, घामाने भिजलेला. मला इतका राग आला होता, की बोलले असते तर रडले असते. त्याने ऋतुराजचा कान मात्र असा पिळला, की सासूबाई कळवळल्या. ऋतुराजने हसत त्याच्या हातात खोकं ठेवलं. आत धावायचे महागडे बूट. मांडवात टाळ्या पडल्या. ऋतुराज बिचारा, त्याला काय माहीत!

दादाने बुटांवरून हात फिरवला. मग खोकं बंद करून माझ्या मांडीवर ठेवलं.

"कल्याणला, तुझ्या सासरी घेऊन जा," तो हळूच म्हणाला. "मी मागितले तरी देऊ नकोस. मला नाही थांबता येत गं, पायल."

त्याने हे पहिल्यांदाच कबूल केलं होतं. भर मांडवात मी रडले. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून.

गेल्या रविवारी त्याने बूट मागितले. मी दिले नाहीत. तो चिडला, फोन आपटला. दुपारी आईला घेऊन आमच्याकडे आला आणि दोनदा भात मागून घेऊन जेवला.