नाव लिहू नये

पुणं सोडलं तेव्हा माझ्या बॅगेत दोन ड्रेस, एक छत्री आणि चाळीस निनावी फॉर्म होते. निनावी म्हणायचं आपलं! एकूण एक फॉर्मवर नाव, गाव आणि खाली झोकात सही.

झालं होतं असं. आमच्या कंपनीचे मालक जर्मनीचे. तिथून दरवर्षी सगळ्या देशांतल्या कामगारांना एकच प्रश्नावली येते : कामाबद्दल, साहेबांबद्दल मनमोकळं लिहा, नाव लिहू नका. बाकी सगळीकडून बिननावाचे फॉर्म आले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातून मात्र सह्यांसकट! तिकडच्या साहेबांनी ठरवून टाकलं, की सुपरवायझर विमल कांबळे यांनी धाक दाखवून नावं लिहून घेतली. तसं निघालं तर त्यांचं पद जाणार होतं. चौकशीला मनुष्यबळ विभागातून मी निघाले, आणि खरं सांगते, मनातून मीही त्यांना दोषी ठरवून मोकळी झाले होते.

कोल्हापुरात सकाळीच उतरले. रिक्षावाले काका म्हणाले, "पावणं (पाहुणे), आदी दूध प्या, मग कामाला लागा." त्यांनी थेट दूधकट्ट्यावर नेलं. तिथे म्हशी ओळीने उभ्या. समोर धार काढली आणि फेसाळता ग्लास माझ्या हातात.

"पाणी नाही ना घातलं?" मी पुणेरी खवचटपणा केलाच.

गवळी खदाखदा हसला. "तुमच्या डोळ्यांदेखत काढलंय की! पाणी घालायचं तर माघारी घालाय लागतंय."

निरसं (न तापवलेलं) दूध मी जन्मात प्यायले नव्हते. कोमट, गोडसर, अहाहा! दुसरा ग्लास मीच मागून घेतला.

कागलच्या रस्त्याला दोन्हीकडे ऊस. खिडकीतून वारा खात मी मनातल्या मनात कडक प्रश्नांची उजळणी केली. गेटवर उतरले तर वॉचमन गालातल्या गालात हसतोय. आत बायका हसतायत. एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई पुढे आली.

"मीच विमल कांबळे. म्याडम, पयल्यांदा दुधाची मिशी पुसा, मग माझी चौकशी करा."

झालं! माझा सगळा रुबाब त्या मिशीबरोबर पुसला गेला.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये भाकरी, आमटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. मी विमलताईंना बाहेर थांबवून सगळ्यांना विचारलं, "खरं सांगा, नाव कुणी लिहायला लावलं?"

"लावतंय कोण?" कबनूरचे तानाजी गरजले. "आमच्या बानं नाव ठेवलंय ते लिवायला म्हणून!"

"पण लिहू नका असं छापलंय ना?"

"छापलंय की. पन नाव न घालता तक्रार म्हंजी चुगली झाली. आमी काय चुगलखोर हाय व्हय?"

शेजारची संगीता म्हणाली, "मी तर लिवलंय, सुपरवायझर लई वरडतात. 'सुपरवायझर' लिवायला येईना, म्हणून विमलताईंनाच विचारलं."

"मग? त्यांनी काय केलं?"

"नीट लिवून दिलं. आता फकस्त यंत्राजवळ हात गेला तरच वरडतात."

मला इतकं हसू आलं की ठेचा नाकात गेला. विमलताई पाणी घेऊन धावत आल्या. हसता हसता लाजही वाटली. ज्या कोऱ्या जागेला आम्ही मोकळेपणा समजत होतो, तिला ही माणसं चुगली म्हणत होती. एकच फॉर्म साऱ्या जगाला पाठवायचा, आणि उत्तर निराळं आलं की माणूस चोर! इथे येऊन विचारायला जेवणाची एक सुट्टी पुरली.

परतीच्या एसटीतच अहवाल लिहिला : धाक नाही, भरवसा आहे, विमल कांबळे यांना पदावर ठेवावे. आठवड्याने "मान्य" असं उत्तर आलं. मी ऑफिसात एकटीच टाळ्या पिटल्या.

त्याच दुपारी माझ्या टेबलावर माझा फॉर्म आला. वरिष्ठांबद्दल मत. नाव लिहू नये. गेली नऊ वर्षं मी तिथे "सर्व उत्तम" एवढंच लिहीत आलेय. या खेपेला लिहिलं, "माणसाला न भेटता दोषी ठरवू नये. मीही तेच केलं होतं." खाली लिहिलं : वैशाली जोशी, पुणे. सही मात्र कोपऱ्यात, बारीक अक्षरात केली.

फॉर्मचा फोटो विमलताईंना पाठवला. लगेच उत्तर आलं : "ब्येस लिवलंय म्याडम. पन सही झोकात करा की!"