चैत्रातलं उजाड गाव

धुळ्याच्या आमच्या दप्तरखान्यात एक इतिहास-संशोधक आठवड्यातून दोनदा येतात. हात धुतल्याशिवाय जुन्या कागदांचं रुमालात बांधलेलं गाठोडं सोडत नाहीत. वाचलेलं मग सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन म्हाताऱ्या माणसांना ऐकवतात.

एकदा मीही गेलो. त्यांनी त्याच गावाच्या जुन्या पाहणीची नक्कल वाचली, "गाव उजाड. माणूस नाही."

"महिना कोन्ता?" एका म्हातारीनं विचारलं.

"चैत्र."

ती हसली. "चैतमा गावमा कोण ऱ्हास, भाऊ? बठ्ठा जंगलमा मोहफूल येचाले जातस."

म्हणजे सगळं गाव मोहाची फुलं वेचायला रानात गेलेलं. तो कागद वीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. महिना मी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी पिशवीतून स्वतःचं छापील पुस्तक काढून त्यातला या गावापुढचा 'उजाड' शब्द खोडला आणि समासावर पेन टेकवलं.

"अक्का, तुमचं पूर्ण नाव सांगा."