धोंड्याच्या वर्षातला तान्हा पोळा

मी शाळेत गेलो नाई. म्हणजे एकदा गेलतो, तिथचा बाक मोडला होता म्हणून. सुतार हाव मी, नालवाडीले.

घरात नवं क्यालेंडर आलं का खिळा मी ठोकतो, वाचाचं काम बायकोवर. ते चौथी शिकली हाय. यंदा मातर म्हटलं, मीच वाचीन. कारण मांगच्या धोंड्याच्या वर्षी मी लेकीची सुट्टी अन् नातीचा पोळा, दोन्ही पाण्यात घातले.

लेक माही पुण्याले दवाखान्यात नर्स हाय. सुट्टी तिले जानेवारीतच मांगून ठेवा लागते. तवा तिनं फोनवर विचारलं, "बाबा, तान्हा पोळा कधी?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल सजवून तोरणाखाली नेतात, तो. नात तवा पाच वर्साची. मी बोटावर मोजलं. सण दरसाली दहा-अकरा दिवस अलीकडे येते. देल्लं सांगून, "पंधरा ऑगस्टले लागूनच हाय."

त्या साली महिना एक जास्तीचा होता. धोंड्यात जावयाचा मान असते, म्हणून मी सासरी जाऊन धोतर घेतलं, पोट दुखेपर्यंत अनारसे खाल्ले. पण महिना वाढला तं पोळाई महिनाभर पुढे जाते, हे डोक्यात आलंच नाई. लेक आली. नातीनं बैलाले रंग देला, झूल घातली, दोरी धरून चौकात गेली. चौकात एक कुत्रं होतं फक्त.

बायको म्हणे, "अनारसे खायाले धोंडा समजते तुमाले, अन् पोळा समजत नाई!"

खरा पोळा आला तवा लेकीले सुट्टी नाई. मंगची दोन सालंही तिची सुट्टी जमली नाई.

आता नात आठ वर्साची हाय. लेक म्हणे, "यंदा नाई जमलं तं मंग मोठी होऊन ते लाकडाचा बैल ओढाले लाजन, बाबा. अन् तारीख या खेपेले आईलेच विचारीन."

हे मले लागलं. यंदाही धोंडा हाय. रोज सकाळी चहाच्या आधी बायकोपुढे क्यालेंडर घेऊन बसलो. आकडे येतात मले, टेपावरचे. अक्षरं नाई येत. लाल आकडा म्हणजे सुट्टी, हे लवकर समजलं. मंग भारताची म्याच असली का सारी नालवाडी काम सोडते, ते दिवस लाल काऊन नाई, असं विचारलं तं बायको म्हणे, "तुमी पोळा पहा."

रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, आईले द्या."

"नाई देत. मी सांगतो. थांब."

पानं पलटवली. महिन्याचं नाव तीन खेपा वाचलं. बोट सरकवत सरकवत पोळ्यावर आलो. बायको मांगं उभी, तोंडावर पदर दाबून. "सांगू का जी?"

"गुमान राय."

आकडा सांगतला. लेक म्हणे, "हा मोठ्या पोळ्याचा का तान्ह्या?"

मोठ्याचा होता. बोट एक घर पुढे घेतलं, पुन्हा सांगतला. ते तिकडे मोबाईलवर पाहून राह्यली होती. मी आकड्यावरचं बोट उचललं नाई.

"बरोबर हाय, बाबा. अर्ज टाकून देऊ?"

"टाक."

नातीनं फोन हिसकला. ते पुण्याचं बोलते. "आबा, जुना बैल लहान झाला. मला वर बसता येईल असा कराल?"

"करतो," म्हटलं.

तेवढं जाड सागवान घरात एकाच जागी हाय, आमच्या पलंगात. बायकोले अजून सांगतलं नाई.