ग्रामसभेतला प्रश्न

मी धाराशिवच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. "नुसते मार्क मिळवू नका, गावच्या ग्रामसभेत जा, प्रश्न विचारा," असं दरवर्षी वर्गात सांगायचो. तेरजवळच्या एका खेड्यातल्या विद्यार्थिनीनं ते मनावर घेतलं. भर सभेत उभं राहून तिनं सरपंचांना विचारलं, "आमच्या गल्लीत कागदावर नळ आलाय, पाणी कधी येणार?"

त्यानंतर ती कॉलेजात दिसेना. पंधरवड्यानं तिचे वडील आले. खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत. म्हणाले, "सर, तुमचं शिकवणं खोटं न्हाय. पण गावात आमाला ऱ्हायचंय. लोक तिला पुढारीण म्हणून चिडवायलेत. आता तिला घरी बसूनच अभ्यास करू द्या, परीक्षेला तेवढी यील."

त्यांनी आणलेल्या अर्जावर मी सही केली.

परीक्षेच्या दिवशी ती भेटली. मी म्हणालो, "माझ्यामुळं तुला त्रास झाला."

"त्रासाचं काही नाही, सर. पण तुम्ही तुमच्या गावच्या ग्रामसभेत कधी बोललात का?"

मी कधी गेलोच नव्हतो. तसं सांगितलं, तेव्हा तिनंच मान खाली घातली, जणू चूक तिची होती.